हाकेला ओ

आमच्या लासुर्ण्याच्या ख्रिस्ती मंडळीत माणसं मोजकी, पण देवाकडं मागणी भरपूर. दर रविवारी उपासनेच्या शेवटी आमचे हे, म्हणजे पाळकसाहेब, नावं घेऊन प्रार्थना करतात. कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा, कुणाची माहेरी जाऊन बसलेली सून. आणि सगळ्यात शेवटी, "प्रभू, शांतवनाला घरी आण." त्यावर पहिल्या रांगेतून शकुबाई इतक्या जोरात "आमेन" म्हणायची की पेंगलेली पोरं दचकून उठायची.

शांतवन तिचा एकुलता एक लेक. भवानीनगरच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रकवर क्लीनर होता. एकदा पिऊन आला म्हणून हिनं चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली आणि तो रागानं परमुलखातल्या ट्रकमध्ये चढून निघून गेला. पुढं कधीतरी परक्या नंबरवरून फोन आला. "आये, दिल्लीत हाय," एवढंच. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

शकुबाई उसात खुरपायला जाते आणि शनिवारी चर्च झाडते. बाई सोन्यासारखी, पण तिला एक खोड होती. हाक मारली की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. तिसरी मारली की मगच "ओ". तिची आजी सांगायची, बाहेरचं जे असतं ते ओळखीच्या आवाजात दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक फक्त जितं माणूस मारतं. आणि त्या बाहेरच्याला चुकून ओ दिली, तर ते मागं मागं घरी येतं.

बाप्तिस्म्याच्या पाण्यानं आमच्या तीन पिढ्या धुऊन निघाल्या, पण शकुबाईची ही आजी काही धुऊन निघाली नाही. मी तिला चिडवायची. म्हणायची, "शकुबाई, तो बायबलातला शमुवेल बघा. पहिल्याच हाकेला उठून पळाला."

"त्येला देव बोलवत हुता, पाळकीणबाई," ती म्हणायची. "मला कोन बोलवतंय ते आदी कळाय नगं?"

गेल्या जानेवारीत मंडळीची सेवेसाठी दिल्लीला जायची टूम निघाली. तिथल्या एका मंडळीनं त्यांच्या हॉलमध्ये उतरायची सोय केली होती. मोठ्या इस्पितळाबाहेर थंडीत झोपणाऱ्या लोकांना चहा, ब्लँकेट द्यायचं, भजनं म्हणायची, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची. सगळ्यात आधी नाव दिलं शकुबाईनं. ती कशाला येतेय हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच ते बोलून दाखवलं नाही. दौंडला गाडीत बसल्यापासून ती शांतवनचा फोटो पदराखाली धरून होती.

दिल्लीत पहिल्याच सकाळी आम्ही बाहेर पडलो. धुकं आम्हाला नवीन नाही. कालव्याकडेला थंडीत पडतं, गुडघ्याएवढं. पण इथं समोरच्याचा हात दिसायचा आणि माणूस दिसायचा नाही. इस्पितळाजवळच्या पुलाखाली फुटपाथवर लोक ओळीनं निजले होते, पायापासून डोक्यापर्यंत पांघरूण ओढून. त्यात कोण निजलंय आणि कोण गेलंय हे कळायला मार्ग नव्हता. आमची प्रगती, बारामतीला नर्सिंग शिकणारी, एकेकाच्या खांद्याला हात लावून पुढं जात होती. मी चहाची किटली घेऊन तिच्या मागं होते आणि दर वेळी ते पांघरूण हलेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा.

पुलाच्या खांबाजवळ ह्यांनी पेटी मांडली. शकुबाईनं झांजा घेतल्या. आपलं गावाकडचं मराठी भजन सुरू झालं. आवाज धुक्यात जायचा आणि थोडा उशिरा परत यायचा, पलीकडं दुसरी मंडळी तेच भजन म्हणत असल्यासारखा. मला ते अजिबात आवडलं नाही. मी ह्यांना खुणावलं, आटपा. पण पेटी हातात आली की ह्यांना बायको दिसत नाही.

दुसऱ्या कडव्यानंतर ते दम घ्यायला थांबले. आणि धुक्यातून हाक आली.

"आये!"

शब्द लांबवून, शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर मारतात तशी. दिल्लीत अशी हाक कोण मारणार? माझ्या हातातली किटली कलंडली. ती मी ऐकली, ह्यांनी ऐकली, प्रगतीनं ऐकली. भास म्हणावा तर चौघांना एकदम होत नाही.

शकुबाईच्या झांजा हवेतच थांबल्या. ओठ घट्ट मिटलेले.

"अहो, ओ द्या की!" मी ओरडले.

तिनं मान हलवली, पदर तोंडात कोंबला आणि हाताचं एक बोट वर केलं.

"आये, ए आये!"

आता आवाज जवळ होता. खांबाच्या पलीकडंच. शकुबाईनं दुसरं बोट वर केलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड उघडेना. ती तिसऱ्या हाकेची वाट बघत होती. तिच्यापायी आम्हीही कान देऊन उभे राहिलो.

तिसरी हाक आलीच नाही.

"ओ! ओ शांतू! ओ रं माज्या लेकरा!" तिनं झांजा टाकल्या आणि खांबाला वळसा घालून पळाली. आम्ही मागोमाग. पलीकडं मोकळी फरशी होती. थोडं पुढं एक म्हातारा पोतं पांघरून बसला होता. प्रगतीनं हिंदीत विचारलं, आत्ता इथं कोणी होतं का? म्हणाला, कुणी नाही. शकुबाईनं फोटो त्याच्या तोंडाजवळ नेला. त्यानं तो बराच वेळ बघितला.

"हा तो महाराष्ट्राचा पोरगा," तो म्हणाला. "ह्याच खांबाशी निजायचा. झोपेत आईला हाका मारायचा. मागच्या हिवाळ्यापासून दिसला नाही."

दिवसभर आम्ही शोधलं. दुपारची सभा घ्यायची असं ह्यांनी म्हटलं, तेव्हा मी सगळ्यांदेखत सांगितलं, देव आज सभेत नाही, त्या पुलाखाली आहे, चला. बिचारे निमूट आले. इस्पितळाच्या दारात, निवाऱ्यात, चहाच्या टपऱ्यांवर फोटो दाखवला. कुणी ओळखला नाही. शकुबाई मात्र फिरून फिरून त्या खांबाशी यायची आणि रिकाम्या धुक्याला "ओ" म्हणायची. कुणीही न मारलेल्या हाकेला ओ देणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते.

परतीच्या गाडीत ती पहिल्यांदा बोलली. "दोनदाच हाक आली, पाळकीणबाई."

"भलतं मनात आणू नका," मी म्हटलं. "तुम्ही गप्प राहिलात, म्हणून पोरगं निघून गेलं असेल."

"व्हय. जिता असंल तर आयनं ओ न्हाय दिली म्हनून गेला. मेला असंल तर बी आयनं ओ न्हाय दिली म्हनूनच गेला."

मी रडले. दुसरं काय करणार होते?

गावी आल्यावर तिची खोड उलटी झाली. पहिली हाक पुरती संपायच्या आत "ओ" यायची. हाक दुसऱ्याला असली तरी हीच ओ द्यायची. पोरं मजा म्हणून उगाच "आये" करून पळायची. म्हातारे तात्याबा तिच्यावर खेकसले, "शकू, सांच्यापारी अशी कुनाला बी ओ देऊ नगंस. आजी काय सांगायची, इसरलीस?"

"इसरले न्हाय तात्या," ती शांतपणे म्हणाली. "तिचं ध्यानात ठिवलं म्हनूनच वाटोळं झालं."

ह्या डिसेंबरातली गोष्ट. चर्चच्या मागं ऊस आहे, पुरुषभर उंच. मी सकाळी अंगणात तांदूळ निवडत होते. शकुबाई उसाच्या कडेला गवत काढत होती. कालव्यावरून धुकं आलं होतं, पण ह्या वेळी गुडघ्याशी थांबलं नव्हतं. वारा नव्हता, तरी ऊस आतल्या आत सळसळत होता.

"आये!"

उसातून आली. तोच आवाज. मला बायबलातलं एकही वचन आठवेना.

"ओ!" शकुबाई म्हणाली. लगेच. मुलगा शाळेतून आल्यावर म्हणावं तसं. "आले रं." खुरपं तिथंच टाकून ती उसात शिरली. दुसरी हाक आली नाही.

मी ह्यांना उठवलं, तात्याबांना बोलावलं. आत जायला कुणी धजेना. आम्ही नावानं हाका मारत राहिलो आणि पहिल्याच हाकेला ओ देणारी ती बाई एकालाही ओ देईना.

ऊन वर आलं तेव्हा ती आपण होऊन बाहेर आली. गाल उसाच्या पानांनी ओरखडलेले, चेहरा मात्र निवलेला. वर्षभरात तिला इतकं निवांत मी पाहिलं नव्हतं. ह्यांच्यासमोर येऊन तिनं नेहमीसारखा सलाम केला.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "येत्या रविवारपास्नं प्रार्थनेत 'शांतवनाला घरी आन' म्हनू नगा."

"का हो, शकुबाई?"

"त्यो आलाय."

पदर सावरून ती घराकडं चालू लागली, अगदी सावकाश, मागच्याला गाठता यावं म्हणून चालतात तशी. तिच्या मागं काय आहे ते बघायचा मला धीर झाला नाही.