तव्याची कड

फोन कानाशी नीट धर गं पोरी, आणि तुमच्या देशातली हवा किती स्वच्छ, हे मिरवणं आधी बंद कर. इथे हैदराबादेत तारनाक्याच्या बसमध्ये एक माणूस रोज माझ्या शेजारी बसायचा. बिडाच्या तव्यांच्या कारखान्यात तो कडा घासायचा. बसमध्येही समोरच्या दांडीवर अंगठा फिरवून खडबड शोधायचा. एकदा मी नाकाला पदर लावला. "धुएँ की बास आरी भाई, जरा सरको."

तो उठला, हसला. "तवे बाहर मुलुक जाते अम्मा, धुआँ इधरीच रहता."

पुन्हा कधी तो शेजारी बसला नाही.

परवा तू तिकडून पाठवलेल्या तव्यामागे आपल्याच हैदराबादचं नाव निघालं. कडेवर अंगठा फिरवला, कुठेच खडबड नाही. लवकर ये गं, त्यावरची भाकरी एकटीच्या घशाखाली उतरत नाही.