मामंजींसमोर शालू

झुंबरबाईचा राग सगळ्या डोणगावाला माहीत होता. तो पोरीपायी कसा पेटला, हे मात्र थोड्यांनाच माहीत आहे. मी तिची शेजारीण, म्हणून मला माहीत. आजही सांगायला बसले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. झुंबरबाईची शालू नुकती तिसरीत गेली होती. घरी ही पोरगी इतकी बोलायची की आईच म्हणायची, "हिच्या तोंडाले कुलूप लावा व कोनी!" आणि तिसरीच्या वर्गात तीच पोरगी मुकी. भगवंतराव गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं की ही मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. छड्या खाल्ल्या, तरी ओठ उघडला नाही. एकदा बाहेर जायचं होतं, तर तेवढंही विचारता येईना. वर्गातच परकर ओला झाला. "जनावर बरं," गुरुजी म्हणाले, आणि अख्खा वर्ग हसला. गुरुजी म्हणे!

हे भगवंतराव नुसते गुरुजी नव्हते, होणारे व्याहीही होते. उन्हाळ्यातच त्यांच्या धाकट्या मुलासाठी शालूला कुंकू लावून ठेवलं होतं, लग्न मोठेपणी. आता त्यांनी शालूच्या बापाला, उकंडरावांना, बोलावून सांगितलं, "पोरीच्या जिभेत खोट आहे अन् डोक्यातही. शाळेतून काढून घ्या. सोयरिकीचंही आम्हाला पाहावं लागेल."

शाळेत मुलांची तपासणी करायला डॉक्टर आले, तेव्हा गुरुजींनीच शालूला पुढे केलं आणि स्वतः खुर्चीला हात टेकून उभे राहिले. डॉक्टरांनी नाव विचारलं. शालू गप्प. जीभ दाखव म्हणाले, तर दात आणखी घट्ट. वाचेचा दोष, बुद्धी मंद, असं सांगून डॉक्टर गुरुजींकडचा चहा पिऊन गेले.

"जाऊ दे न," उकंडराव बायकोला म्हणाले. "पोरीच्या जातीले शिकून काय कराचं हाय?"

झुंबरबाईनं थापत असलेली भाकर परातीत आपटली. "मले अंगठा लावा लागते, तिले नाही लावू देनार! अन् ज्याची तक्रार, त्याच्याच समोर तपासनी? चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या! मी दुसऱ्या डाक्टरले दाखवीन. गुरुजीले जो ओयखत नाही, अशाले."

गुरुजींच्या कानावर गेलं. ते दारात हजर. "मीही येतो. डॉक्टरला नीट समजावून सांगतो."

"तुमी संग याचं नाही," झुंबरबाई म्हणाली. सोयऱ्याला असं बोललेलं आमच्या आळीनं तोवर ऐकलं नव्हतं. मला तर इतका आनंद झाला की काय सांगू.

मेहकरला एस.टी. बदलून मायलेकी खामगावला गेल्या. तिथे खुर्शीदसाहेब म्हणून कान-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी शालूला जवळ बसवून नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि वर विचारलं, "तुमच्या डोक्यावर आरसा कायले हाये?" डॉक्टरांनी कान पाहिले, जीभ-टाळू पाहिली, पुस्तकातलं वाचून घेतलं, कविता म्हणून घेतली. पोरगी थांबेना.

"बाई, हिला काहीच झालेलं नाही," डॉक्टर हसून म्हणाले. मग शालूकडे वळले. "बेटा, मग शाळेत का नाही बोलत?"

"तिथं मामंजी असते न. आईनंच सांगतलं, मामंजीसमोर तोंड उघडाचं नाही."

झुंबरबाईला आठवलं. कुंकवाच्या दिवशी पाटावर बसवताना तिनंच पोरीला चिमटा काढून असं बजावलं होतं. त्या दिवशी शालू खरंच गप्प बसली, तेव्हा भगवंतराव चारचौघांत म्हणाले होते, "अशी सून पाहिजे. तोंडात शब्द नाही!" मोठी माणसं ते दुसऱ्या दिवशी विसरली. लेकरू विसरलं नाही. छड्या खाल्ल्या, परकर ओला केला, पण आईचा शब्द मोडला नाही.

तिथेच झुंबरबाईनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरलेला असताना ती शालूचा हात धरून आत शिरली. मागे "अवं, अवं" करत उकंडराव, आणि त्यांच्यामागे मी. कुंकवाला आलेलं परकर-पोलकं आणि पायातल्या तोरड्या तिनं गुरुजींच्या टेबलावर ठेवल्या.

"हे घ्या तुमचं. तुमाले मुकी सून पाह्यजे होती, अन् मुकी बसली म्हनून तुमीच तिले मारलं! सोयरीक मोडली. शाळा सुटनार नाही."

गुरुजी खुर्ची सरकवून उठले.

झुंबरबाईनं शालूला पुढे घेतलं. "हे आता तुहे मामंजी नाहीत. नुसते गुरुजी हायेत. बोल."

शालूनं आधी आईकडे पाहिलं, मग त्या परकराकडे, मग पहिल्यांदाच मान वर करून गुरुजींकडे.

"गुरुजी," ती म्हणाली, "मी बाहीर जाऊ?"

वर्गात कोणी हसलं नाही. गुरुजींनी मान हलवली, आणि शालू पळत बाहेर गेली.