दरी सगळ्यांची करणारे शिंगाडे सर

पंधरा वर्षांपूर्वी मी नवीन जालन्यातल्या एका बँकेत होते. मंठ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले निवृत्ती शिंगाडे सर हयातीचा दाखला द्यायला आले होते. पोलिओमुळे माझ्या उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट असतो. मी कपाटापर्यंत जाऊन परतत असताना त्यांनी तो पाहिला. कागदावर सही करता करता म्हणाले, "ताई, रविवारी डोंगरातली दरी पाहायला येता का?"

मला राग आला. "माझा पाय दिसला ना तुम्हाला?"

"दिसला. म्हणून तर इचारून राह्यलो."

का कोण जाणे, मी गेले.

अजिंठ्याच्या रांगेतल्या त्या घळीत उतरणारी वाट अरुंद, पण पायाखाली एकही सुटा दगड नव्हता. जिथे जिथे माझा पाय दुखायला लागे, नेमकी तिथेच टेकायला शिळा असे. हे कसं जमलं, ते मला त्यांच्या पत्नीकडून कळलं. त्या आठवड्यात सरांनी स्वतःच्या गुडघ्याला लाकडाच्या फळ्या बांधून, पाय न वाकवता ती वाट दोनदा चालून पाहिली होती. अडखळले तिथले दगड काढले, दमले तिथे बसायची सोय केली. माझं दुखणं कोणी असं अंगावर घेऊन पाहिलं नव्हतं.

शेवटच्या वळणानंतर दोन्ही बाजूंनी काळे कडे उभे राहिले. खूप वर एक घार तरंगत होती आणि खाली कुंडातलं पाणी हिरवंगार, निश्चल. चाळीस वर्षांची होईपर्यंत डोंगर मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिला होता. मी तिथे किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही.

सरांचे वडील आष्टीच्या बाजूचे मेंढपाळ. कळपात लंगडी मेंढी असली तर तिच्या चालीनं सगळा कळप चालतो, हे सर लहानपणीच शिकले. त्यांनी त्या घळीत तीन वाटा पाडल्या: धडधाकटांसाठी कड्यावरून उतरणारी, माझ्यासारख्यांसाठी मेंढरं उतरतात तशी हलक्या उताराची आणि चाकाच्या खुर्चीसाठी ओढ्याच्या सपाट काठाकाठानं जाणारी. तिन्ही वाटा कुंडापाशी मिळतात.

पुढे सर आम्हा बऱ्याच जणांना मिळून दरीत नेऊ लागले. एकदा हार्मोनियम दुरुस्त करणारे गफूरचाचा आले होते. त्यांना दिसत नाही. अरुंद जागी त्यांचा पाय घसरला, सरांनी दंड धरला म्हणून बचावले. मग चाचा कड्याला पाठ लावून बसले. "आता बिलकुल हलणार न्हाई मी."

मागे खोळंबलेले लोक कुरकुरू लागले. "त्यांना बसू द्या, आम्ही पुढं जातो," एकजण म्हणाला.

"सगळे जाऊ, न्हाईतर सगळे माघारी," सर शांतपणे म्हणाले आणि चाचांशेजारी मातीत बसले. बराच वेळ दोघं मेंढरांविषयी बोलत होते. मग सर म्हणाले, "चाचा, एक टाळी वाजवा."

चाचांनी टाळी वाजवली. समोरच्या कड्यातून ती परत आली, मग लांबून, मग आणखी लांबून. चाचा ताडकन उठले.

"या अल्ला! एवढी मोठी जागा हाय ही?"

डोळे असलेल्या आम्हा सगळ्यांना दरीचा आकार त्या क्षणी कळला.

गेल्या वर्षी सरांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. हिवाळ्यात त्यांना घेऊन गेलो, तर पायथ्याशीच बसले. "तुम्ही जा ताई. माझ्यापायी उशीर होईल." आयुष्यभर दुसऱ्यांसाठी थांबलेल्या माणसाला स्वतःसाठी कोणाला थांबवायचा संकोच वाटत होता. मी त्यांच्या शेजारी बसले, चाचाही बसले, हळूहळू सगळेच बसले. शेवटी सर हसले आणि उठले. त्या दिवशी कुंडापाशी पोचायला दुपार झाली. कोणीही घड्याळ पाहिलं नाही.

सर, आपल्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आपले गुडघे बळकट राहोत, छातीत डोंगरवारा भरून राहो आणि पुढची कितीतरी वर्षं आपल्या चालीनं चालण्याचं भाग्य आम्हाला लाभो.