हिवाळा गेला का?

अटलांटिकच्या काठावरच्या आमच्या या गावात हवामानवेड्या मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे. हिवाळा संपला की नाही, यावरून सकाळपासून तिथे जुंपली आहे. श्रीकांत लिहितो, "समुद्रावरचा वारा फिरलाय. आता पडला तर पाऊसच. हिवाळा गेला." माधवी त्याला दटावते, "इतक्यात गेला म्हणू नकोस. अजून एक वादळ यायचंय."

मी हे सगळं ह्यांच्या फोनवर वाचते. ह्यांचं नाव ग्रुपमधून काढायचा धीर कुणाला झालेला नाही. मलाही नाही.

खिडकीबाहेर गाडीशेजारी बर्फाचा ढीग आहे. किनाऱ्यावरचा बर्फ ओला आणि जड असतो. हे फावड्याने त्याचे चौकोन कापायचे आणि म्हणायचे, "बघ, नारळाच्या वड्या." त्या दिवशीही कापले, नीट रचून ठेवले, आत येऊन चहा टाक म्हणाले. चहाला उकळी येईपर्यंत हे गेले होते.

ऋतू गेला म्हणतात, तसंच माणूसही गेला म्हणतात. पण ऋतूसाठी निदान कुणीतरी वाद घालतं. ह्यांच्या वेळी डॉक्टरांनी एकदा सांगितलं आणि सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. मीसुद्धा.

ढिगाच्या कडा आता गोल होत चालल्या आहेत. भिंतीच्या सावलीतली एकच वडी अजून चौकोनी आहे.

ग्रुपवर माधवीने विचारलं, "वहिनी, तुमच्या अंगणात काय?"

मी लिहिलं, "अजून आहे."

सगळ्यांच्या फोनवर ते ह्यांच्या नावाखाली उमटलं असेल.