दोन्ही चपला डाव्या

घाटकोपरला आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाही घराला धुराडं नाही. तरी संगणकावर ‘घर’ म्हटलं की उतरतं छप्पर आणि वर धुराडं. ते चित्र बघून बघून माझं डोकं उठलं होतं. दिवसभर मी अंधेरीच्या एका ऑफिसात जाहिरातीची पत्रकं बनवायचे आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स वापरायचे. ही संगणक चालवणारी, फुकट मिळणारी, कुणीही उघडून बदलावी अशी प्रणाली. तिच्या पडद्यावरची चित्रं, रंग, बटणं लोक स्वतः बनवून एकमेकांना वाटतात. त्याला थीम म्हणतात. आणि बहुतेक थीम म्हणजे एका महागड्या परदेशी संगणकाची नक्कल. वापरायचं फुकटातलं आणि आव आणायचा महागाचा, याचा मला भयंकर राग यायचा.

म्हणून मी माझी थीम केली. दोन वर्षांचे रविवार त्यात गेले. घर म्हणून मी बंद सेफ्टी डोअर काढलं, वर तोरण, बाहेर चपला. दार बंद असलं तरी बाहेर चपला दिसल्या की आत माणूस आहे, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लोक थीम वाटतात त्या साइटवर ती टाकली आणि खाली लिहिलं: कुणीही घ्या, बदला, वाटा, फक्त मूळ करणाऱ्याचं नाव ठेवा.

वर्षभराने त्याच साइटवर भलत्याच नावाची एक थीम दिसली. रंग वेगळे, पण दार तेच, तोरण तेच. चित्र मोठं करून पाहिलं, तर दोन्ही चपला डाव्या पायाच्या. मी एकच चप्पल काढून तिची प्रत शेजारी चिकटवली होती आणि उलटी करायला विसरले होते. इतके दिवस ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. चोरी पकडली, पण सोबत माझा गाढवपणाही बाहेर आला.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “अगं, तूच लिहिलंयस ना कुणीही घ्या म्हणून? मग आता कशाला तणतणतेस?” घेतल्याचं दुःख नाही, माझं नाव कुठंय ते विचारतेय, असं मी त्याला तीनदा सांगितलं. तो मॅच बघत होता.

मग मी त्या थीमखाली चारचौघांना दिसेल असं खरमरीत लिहिलं. फक्त चोर म्हणायचं बाकी ठेवलं. संध्याकाळी त्या माणसाचा निरोप आला, सोबत फोन नंबर. मी लगेच फोन लावला. मुलुंडचे एक निवृत्त शिक्षक होते. शाळेतले जुने संगणक लिनक्स घालून त्यांनी चालू केले होते. धुराड्याचं घर बघून मुलं त्याला कारखाना म्हणायची, तुमचं दार मात्र त्यांना लगेच कळलं, असं ते म्हणाले. मला बरं वाटलं, पण मी ते दाखवलं नाही. माझं नाव का काढलंत, एवढंच विचारलं.

“मॅडम, मी नाव नाही काढलं,” ते म्हणाले. “तुमच्या थीमच्या फाइलमध्ये करणाऱ्याच्या नावाची ओळ रिकामीच होती. मी जशीच्या तशी ठेवली.”

मी फोन कानाला तसाच धरून फाइल उघडली. ओळ रिकामी होती. थीम कुणी कोऱ्या पाटीवर सुरू करत नाही. मीही कुण्या परदेशी माणसाची तयार थीम घेऊन तिच्यातली चित्रं बदलली होती. खिडक्यांच्या सावल्या, बटणांची गोलाई, सगळं त्याचंच होतं. पहिल्याच दिवशी मी त्या ओळीतलं त्याचं नाव खोडलं होतं, काम संपल्यावर माझं घालू म्हणून. मग घालायचं राहिलं. आणि इतरांच्या नकलांवर मी इतकी वर्षं तोंडसुख घेत होते. मला माझीच लाज वाटली.

सर म्हणाले, “हरकत नाही, आत्ता घालतो. सांगा, काय लिहू?”

आधी माझ्या आधीच्याचं लिहा, मी म्हटलं, आणि शोधायला लागले. त्याची थीम साइटवरून केव्हाच गेली होती. माझ्याकडची मूळ प्रत जुन्या लॅपटॉपबरोबर भंगारात गेली होती. सर पलीकडे थांबले होते. मला नाव आठवेना. लांबलचक होतं, खोडताना बॅकस्पेसचं बटण बराच वेळ दाबून धरावं लागलं होतं, तेवढं मात्र आठवत होतं.