न तापवलेला ढोल

"ह्यांना रंग लावायची गरज नाही. ही पोरं तयारच आहेत."

आमचे विभागप्रमुख कॉलेजच्या सभागृहात हे वाक्य बोलले, तेव्हा माइक चालू होता. समोर डोंगरातली नऊ मुलंमुली रांगेत उभी होती. तपासणी समिती यायला पाच दिवस होते. इंग्रजी विभागाने काहीतरी करून दाखवायचं म्हणून पुस्तकातली एक आफ्रिकन कथा नाट्यरूपात बसवायची ठरली होती. शिपायाने गेटजवळच्या अशोकाची पानं तोडून सुतळीत ओवली होती. त्या माळा माझ्या हातात होत्या. एकेकाच्या कमरेला बांधायचं काम माझं.

सुनंदाची पाळी आली. तृतीय वर्ष, इंग्रजी विषय. आहुप्याकडच्या एका वाडीवरची. त्या वाडीवरून इतकं शिकलेली पहिलीच. मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. दोन दिवस घरी हिरडा तोडायला जाऊन आली होती. हिरड्याचा चीक आणि कोयत्याचं लोखंड एकत्र आलं की हात काळे पडतात, आठवडाभर निघत नाही. विभागप्रमुखांनी तिचं मनगट धरून हात वर केला.

"बघा. ही तर मेकअप करूनच आलीय."

सभागृह हसलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, एक माळ तुम्हीपण गुंडाळा की. तुम्हाला काय, वेगळं शिकवावं लागणार नाही."

पुन्हा हशा. त्यात मीही हसलो. माझं हसू माइकमधून मला ऐकू आलं. ते अजून ऐकू येतं.

सुनंदाने हात सोडवून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "सर, पर गोष्टीत ते नाचत न्हाईत."

"काय?"

"सायब येतो तवा गावातली मान्सं नाचत न्हाईत. शेवटच्या पानावर हाये."

"गोष्ट तू लिहिलीस का?" विभागप्रमुख माझ्याकडे वळले. "काय हो सर, तुम्ही शिकवता ना ही? नाचतात ना?"

अकरा वर्षं मी ती कथा शिकवत होतो.

"नाचतात," मी म्हणालो.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा शब्द कोशात शोधावा आणि तो तिथे नसावा, तसं पाहिलं. मग ती स्टेजवरून खाली उतरली आणि चालत बाहेर गेली.

"जा," विभागप्रमुख मागून ओरडले. "प्रयोगाला गैरहजर राहशील तर अंतर्गतचे वीस गुण विसर. नापास होशील, सांगून ठेवतो."

आता मी कोण, ते सांगतो. मी त्याच डोंगरातला. जमात महादेव कोळी. आहुप्याच्या वाटेवर माझी वाडी आहे. आश्रमशाळेत शिकलो. पण कॉलेजात कुणी गाव विचारलं की मी "घोडेगावकडचा" म्हणायचो. घोडेगाव तालुक्याचं ठिकाण, त्यात कुणीही बसतं. बोली तर मी विशीतच सोडली. 'व्हतं'चं 'होतं' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. आईशी फोनवर बोलायचं तर स्टाफरूमच्या बाहेर जायचो, पार सायकलस्टँडपर्यंत. जातीचा दाखला कार्यालयात होता, त्यामुळे विभागप्रमुखांना सगळं माहीत होतं. मी लपवतोय हेही माहीत होतं. ते त्याचीच मजा घेत. माझी नोकरी तासिका तत्त्वावरची. दर जूनमध्ये त्यांनी शिफारस केली तर पुढचं वर्ष.

पहिल्या वर्षी हा आफ्रिकन कथांचा पेपर त्यांनी माझ्याकडे सरकवला तेव्हा म्हणाले होते, "तुमच्याच लोकांच्या गोष्टी आहेत. तुम्हीच घ्या." तेव्हाही मी हसलो होतो.

आमच्याकडे इंग्रजी कसं शिकवतात, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पुस्तक कुणी उघडत नाही. बाजारात गाईड मिळतं. त्यात प्रत्येक कथेचा सारांश असतो. सर तो सारांश संथपणे सांगतात, पोरं उतरून घेतात. मधूनमधून मराठीत अर्थ. परीक्षेत तेच लिहायचं, तपासणाऱ्याकडेही तेच गाईड. खालच्या बागायती पट्ट्यातली, निमगाव साव्याची, आळ्याची पोरं पहिल्या बाकांवर, डोंगरातली मागे. सगळ्यांच्या वहीत एकच मजकूर. मी आफ्रिका शिकवत नव्हतो. मी शुद्धलेखन घालत होतो.

सुनंदा एकटी पुस्तक वाचायची, जुन्या बाजारातून घेतलेली स्वतःची प्रत. कोश मांडीवर घेऊन, एकेका शब्दाला अडत. वर्गात दोनदा उठून ती काहीतरी सांगायला लागली होती. "सर, ह्यात ती म्हातारी व्हती ना," असं. पहिले बाक हसले. मी म्हणालो, "आधी नीट बोलायला शिक. व्हती-बिती घरी. बस खाली." दोनदा बसवलं. हे मी केलं. विभागप्रमुखांनी नाही.

त्या तालमीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्ग भरायच्या आधी, मी ग्रंथालयातून पुस्तक काढलं. शेवटची चार पानं एकमेकांना चिकटलेली होती. आमच्या प्रतीत ती कधी कुणी उलगडलीच नव्हती. मी नखाने सोडवली.

कथा साधी आहे. एका खेड्यात गोरा साहेब येणार असतो. शाळेतला मास्तर गावचाच, त्याला साहेबापुढे नाच करून दाखवायचा असतो. तो आपल्या म्हाताऱ्या काकाला, ढोल वाजवणाऱ्याला, गळ घालतो. गाईडमध्ये पुढचं वाक्य असं: काका ढोल घेऊन येतो आणि गावकरी नाचून साहेबाचं स्वागत करतात. संपलं.

पुस्तकात तसं नाही. काका ढोल घेऊन येतो खरा. पण वाटेतल्या शेकोट्या तो एकेक करून मागे टाकतो. एकीपाशीही थांबत नाही. पावसाळी हवा असते. तो साहेबासमोर उभा राहून ढोलावर हात टाकतो. पोकळ, दबका आवाज येतो. माणसं खाली बघतात. पाय कुणाचेच हलत नाहीत.

गाईड लिहिणाऱ्याला ते कळलंच नसणार. ढोल आणला म्हणजे वाजला, वाजला म्हणजे नाचले. पण माझा बाप ढोल वाजवायचा. ओल्या हवेत कातडं सैल पडतं. आगीपुढे धरून तापवल्याशिवाय ढोल बोलत नाही. लहानपणी तो ढोल आगीपुढे फिरवायचं काम माझं होतं. कातडं किती ताणलं ते मी बोटाने टिचकी मारून सांगायचो. त्या पानावर म्हातारा शेकोटी टाळून जातो, याचा अर्थ सांगू शकेल असा आमच्या विभागात एकच शिक्षक होता. आणि त्याने पान उलगडलं नव्हतं.

मी ग्रंथालयात बसून राहिलो. पहिला तास बुडाला.

सुनंदा वसतिगृहातून घरी निघून गेल्याचं कळलं. रविवारी एसटीने वर गेलो. सुनंदाच्या घरापुढे हिरडा वाळत घातला होता. तिचे वडील ओट्यावर बसले होते.

"या, या सर. पानी घ्या. कुन्या गावचं तुमी?"

मी वाडीचं नाव सांगितलं. बऱ्याच वर्षांनी. ते उठून उभेच राहिले.

"आरं! मंग आमच्यातलंच निघालं की राव! पोरगी तर म्हनती, सर पुन्याकडचं असत्याल, लई शुद्ध बोलत्यात."

त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

सुनंदा हिरडा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"सर, तुमी ती गोष्ट वाचली नव्हती ना?"

"नाही."

"कवाच?"

"कधीच नाही. शेवटचं पान नाही."

"आन् मला दोनदा खाली बसवलं."

वडील दोघांकडे बघत होते. कसली गोष्ट, त्यांनी विचारलं. तिनेच सांगितली, आमच्या बोलीत, चार वाक्यांत. ते हसले.

"ढोल न तापवता आनला? म्हंजी ओल्या गोनपाटावर थापटी. लई ब्येस केलं म्हाताऱ्यानं. तोंडानं न्हाई म्हनायलाच नको."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. गाईडही नव्हतं.

"सुनंदा, तू ये," मी म्हणालो. "नाचू नकोस. नुसती मागं बस. हजेरी लागेल. वर्ष वाया जाईल गं."

"मी मागं बसल. तुमी पुढं काय म्हननार? नाचतात?"

माझ्या डोळ्यांपुढे जून होता.

"मंग मी येऊन काय करू, सर?"

ती पुन्हा हिरडा निवडायला लागली. काळी बोटं भराभर चालत होती. वडील मला एसटीपर्यंत पोहोचवायला आले. वाटेत देवराई लागली. तिथलं पडलेलं पानसुद्धा कुणी उचलत नाही. ते म्हणाले, "सर, पोरीचं तेवढं बघा." मी मान हलवली. ती मान मी किती वेळा, कुणाकुणापुढे हलवली होती, ते आठवत परत आलो.

समितीच्या दिवशी सुनंदा आली नाही. पडद्यामागे आठ पोरं कमरेला पानं बांधून उभी होती. अशोकाची पानं पाच दिवसांत वाळली होती, हललं की खडखड वाजायची. मला सुरुवातीला इंग्रजीतून सारांश वाचायचा होता. टाइप केलेला कागद हातात दिलेला होता.

मी कागद खिशात ठेवला. पुस्तक काढलं. शेवटचं पान इंग्रजीत वाचलं. मग म्हणालो, "आता आमच्या भाषेत सांगतो." आणि सांगितलं. "पाऊस व्हता. म्हाताऱ्यानं ढोल घेतला, पर तापवला न्हाई." तेवीस-चोवीस वर्षांनी ते शब्द चारचौघांत तोंडातून निघाले. पहिल्या रांगेत विभागप्रमुखांचा चेहरा मी पाहिला आणि पुढे सांगत गेलो. शेवटी पडद्याकडे वळलो.

"पोरांनो, पानं सोडा. गोष्टीत नाच न्हाई."

इथे मला लिहावंसं वाटतं की पोरांनी पानं सोडली. तिघांनी सोडली. पाच जण तसेच उभे राहिले. त्यांना वीस गुण हवे होते. त्यांचं काय चुकलं? भीती त्यांना मीच तर शिकवली होती. विभागप्रमुखांनी हसत माइक घेतला, मोबाइलवरचं गाणं लावायला सांगितलं, आणि ते पाच जण नाचले. समितीने टाळ्या वाजवल्या. जाताना समितीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "व्हेरी ऑथेंटिक." त्यांना वाटलं, माझं बोलणं नाटकातलंच होतं.

म्हणजे झालं काय? काहीच नाही.

सुनंदाला सगळं कुणीतरी फोनवर सांगितलं. तिने मला एक ओळ पाठवली. "सर, उशीर झाला." ती कशाबद्दल म्हणत होती, मी विचारलं नाही.

परवा अंतर्गत गुणांची यादी माझ्यापुढे आली. विद्यापीठात ती विषयशिक्षकाच्या सहीनेच जाते. सुनंदाच्या नावापुढे विभागप्रमुखांच्या अक्षरात 'गैरहजर'. मी ते खोडलं आणि अठरा लिहिले. दोन गुण कापले, कारण तिच्या वहीत खरोखर दोन चुका होत्या. यादी परत आली. पुन्हा 'गैरहजर'. मी पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा ती नव्याने टाइप होऊन आली, 'गैरहजर' छापूनच.

"एका पोरीपायी सगळा वर्ग अडकवताय," विभागप्रमुख म्हणाले. "आणि जूनला तुम्ही इथं नसाल, हेही लक्षात ठेवा."

त्यांचं पहिलं म्हणणं खोटं नाही. काल निमगाव साव्याहून एका पालकाचा फोन आला. "सर, माझ्या पोराचा निकाल अडकला तर? त्याचा काय दोष हाये भाऊ?" दोष नाही. मी त्यांना तेच सांगितलं. मला रात्रीची झोप नाही, आणि ती येऊ नये. पण पन्नास जणांच्या भल्यासाठी एकीला खाली बसवायचं, हे मी दोनदा केलेलं आहे. तिसऱ्यांदा करणार नाही. यादी माझ्या टेबलावर आहे. अठरा लिहून येत नाही तोवर तिच्यावर सही नाही. जून येऊ दे.

सोबत कारणे दाखवा नोटीसही आहे. समितीसमोर मंजूर मजकूर सोडून आपण काय सांगितलेत, त्याचा लेखी खुलासा करावा. उत्तराला बरीच जागा सोडली आहे. त्यांना माफी अपेक्षित असेल.

मी एकच ओळ लिहिली.

"गोष्टीत ते नाचत न्हाईत."

खाली नाव लिहिलं. नावाखाली वाडीचं नाव.