आत्याबाईंनी पुजलेलं पाणी

आमच्या आत्याबाईंना कुणाचं सांत्वन करता यायचं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला अशीच हाक मारतात. नांदूरघाटात कुणाच्या घरी माणूस गेलं की बाकीच्या बाया गळ्यात गळा घालून रडायच्या आणि आत्याबाई सरळ मागच्या दारी जायच्या. त्या घरच्या शेळ्यांना पाला टाकायच्या, शेण काढायच्या, धार राहिली असेल तर तीही काढायच्या. मग हात धुऊन गुपचूप घरी. मी बीडची, कोर्टामागच्या गल्लीत वाढलेली. आमच्याकडे दुःखाच्या घरी जाऊन दोन शब्द बोलायची पद्धत. मी एकदा त्यांना याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "मानूस मेलं ते जनावराला कुठं ठावं असतंय? त्याला भूक लागतीच की."

सासरी मेंढरं होती. आत्याबाईंचा अर्धा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला, त्यामुळे त्यांना खुर्चीवर धड बसता यायचं नाही. बसायच्या त्या उकिडव्या, कुठल्याही क्षणी उठून चालू लागतील अशा. माझा नवरा दत्ता दुबईला एसी दुरुस्तीच्या कामाला लागला आणि लग्नानंतर मीही तिकडं गेले. मला दिवस गेले तेव्हा माझी आई दम्यानं अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपणाला आत्याबाई येणार असं ठरलं. पण व्हिसा लांबला, आणि मुलगी वेळेआधीच झाली. दोन दिवस होती. दत्ता आणि त्याच्या कामावरचे दोघं तिला मातीत ठेवून आले. त्यानंतर कुठं आत्याबाईंच्या व्हिसाचा मेसेज आला.

आता जाऊन काय करणार, असं गावात सगळ्यांनी त्यांना सांगितलं. दत्तानंही फोनवर तेच सांगितलं. त्या आल्याच. विमानतळावरून बाहेर आल्या तेव्हा डोक्यावर पदर, पायात गावातल्या चपला आणि हातात एवढी जड पिशवी की दत्ताला ती दोन हातांनी उचलावी लागली. घरी येऊन त्यांनी ती रिकामी केली. डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशेपा, ओवा आणि तिळाच्या तेलाची बाटली निघाली. बाळाचं काहीच नव्हतं. ते त्यांनी गावीच ठेवलं असणार.

मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्यापासून भूक नाही, झोप नाही, रडू तर नाहीच. कपडे धुवायच्या मशीनसमोर बसून आतले कपडे गरगर फिरताना बघत राहायचे. मशीन थांबलं तरी बघत राहायचे. ओळखीचे लोक भेटायला यायचे, ‘जे झालं ते’ म्हणायचे, चहा पिऊन जायचे. दत्ताही ‘जे झालं ते’ असंच म्हणायचा, बिचारा. मुलगी झाली होती, असं कुणीच म्हणत नव्हतं. बारसं व्हायच्या आत गेली, म्हणून नावही नव्हतं. हळूहळू मलाच शंका यायला लागली की ती खरंच झाली होती की नाही. आणि ती झालीच नसेल, तर मी कोण, हेही मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई तेल कोमट करून घेऊन आल्या. मी म्हटलं, आता हे कशाला. त्या वाटी हातात धरून उभ्या राहिल्या.

"लेकरू गेलं म्हनून तू बाळंतीन न्हाईस का?"

मग त्यांनी माझं सगळं बाळंतपण केलं. अंगाला तेल, कढत पाण्यानं अंघोळ, छातीला घट्ट बांधलेलं फडकं, कानाला रुमाल. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी बाजरीची भाकरी आणि लसणाचं तिखट. मला चव कळत नव्हती, पण समोर आलेलं खात होते, कारण नको म्हणण्याइतकीही ताकद नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी गॅसवर कोळसे फुलवून माझ्या पलंगाखाली ओव्याची धुरी ठेवली आणि छतावरची धुराची घंटा बोंबलायला लागली. खालचा वॉचमन धावत वर आला. आत्याबाईंनी त्याला दारातच थांबवलं आणि आमच्या मराठवाड्याच्या हिंदीत बजावलं की आत बाळंतीण आहे, परक्या पुरुषानं यायचं नाही. तो चक्क मागं फिरला. त्या दिवशी दत्ता बऱ्याच दिवसांनी हसला. मी हसले नाही, पण बघितलं.

सव्वा महिना झाला तेव्हा त्यांनी पाण्याचा विषय काढला. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा विहिरीवर जाते, पाण्याची पूजा करते आणि भरला तांब्या घेऊन घरी येते. तोवर ती घरातल्या कामाला हात लावत नाही. दत्ता म्हणाला, इथं विहीर कुठली, समुद्र आहे हाकेच्या अंतरावर. आत्याबाईंना ते अजिबात पटलं नाही. "खारं पानी कावून पुजायचं? ते पिऊन बघ की तू." नळाचं चालेना, बाटलीचं चालेना. शेवटी दत्ताच्या कामावरच्या कुणीतरी सांगितलं की शहरापासून लांब वाळवंटात एक पाणथळ जागा आहे, पाखरांसाठी राखलेली, सुट्टीच्या दिवशी लोक बघायला जातात.

दोन्ही बाजूला नुसती वाळू. आत्याबाई सगळा रस्ता खिडकीतून बघत होत्या आणि इथं शेळ्या काय खात असतील याचीच त्यांना काळजी. मग एकाएकी लव्हाळ्याचं हिरवं बेट आलं, आणि त्यामागं पाणी. उथळ, पसरलेलं, आभाळ पडलेलं पाणी. त्यात शेकडो गुलाबी फ्लेमिंगो एका पायावर उभे. "रंगपंचमी खेळून आलेत जनू," आत्याबाई म्हणाल्या. लाकडी पायवाटेच्या तोंडाशी मोठी पाटी होती, आणि तिच्यावर काय काय करायचं नाही त्याची चित्रं. दत्तानं आईला समजावलं की पाण्याला हात लावायचा नाही, पाखरांना काही घालायचं नाही, पाण्यात काही टाकायचं नाही. हे पाणी म्हणजे शहराचंच वापरलेलं, स्वच्छ करून इथं सोडलेलं, हेही त्यानं सांगून टाकलं. मला वाटलं, आता तरी ऐकतील. त्या म्हणाल्या, "पाखरं पितेत न्हवं? मंग गोडंच हाय."

पायवाट पाण्याला टेकते तिथं त्या उकिडव्या बसल्या आणि पिशवीतून हळदकुंकवाची डबी, नारळ, तांब्या काढायला लागल्या. लगेच राखणदार आला. पेशावरकडचा म्हातारा पठाण होता, मेंदीनं दाढी लाल केलेला. दत्ता कावराबावरा झाला आणि सामान गोळा करायला लागला. आत्याबाई उठल्याही नाहीत.

"भय्या," त्या म्हणाल्या, "मेरे बहू को बच्ची हुई. सव्वा महिना हो गया. पानी पूजना है, बस."

मुलगी झाली, हे त्या परक्या माणसाला इतक्या सरळ सांगत होत्या की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पठाणानं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "बच्ची किधर है?"

"मिट्टी में."

 त्यानं तिचं नाव विचारलं. आत्याबाईंनी सांगितलं की आमच्यात नाव बाराव्या दिवशी ठेवतात, ती तेवढी थांबली नाही. तो म्हणाला की त्यांच्यात एक दिवस जगलेल्या लेकरालाही नाव देतात, नाहीतर कयामतच्या दिवशी त्याला हाक कशी मारणार. हे आत्याबाईंना पटलेलं दिसलं. त्या माझ्याकडे वळल्या. "सांग त्याला."

माझ्या मनात एक नाव होतं. दत्ताला ते जुनं वाटायचं, म्हणून ठरायचं राहून गेलं होतं. मी म्हटलं, "मीरा." कितीतरी दिवसांनी माझा आवाज मलाच ऐकू आला. दत्तानं खाली बघत तेच नाव एकदा स्वतःशी म्हटलं.

पठाणानं एकच अट घातली. पाण्यात काही टाकायचं नाही, पाणी चिड्यांचं आहे. मग तो पाठ करून उभा राहिला. गाडी लावली होती तिथून आत्याबाईंनी सात खडे वेचून आणले. लेकुरवाळीची राखण करणाऱ्या पाण्यातल्या आसरा म्हणून आम्ही असेच सात खडे मांडतो. फळीला डाग पडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं. मी हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. नारळ न फोडताच परत पिशवीत गेला, खडेही कागदात गुंडाळून गेले. तांब्या भरायचा राहिला, तर पठाणानं स्वतःच्या थर्मासमधलं पिण्याचं पाणी त्यात ओतलं. तो तांब्या घेऊन मी गाडीपर्यंत चालत आले. खोटं कशाला सांगू, मला तेव्हाही काही वाटलं नाही. तांब्या जड आहे, एवढंच कळत होतं. घरी आल्यावर त्या पाण्याचा मी चहा केला. सव्वा महिन्यातलं माझं पहिलं काम.

पुढच्याच आठवड्यात आत्याबाई परत गेल्या. विमानतळावर त्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही. उरलेले लाडू कुठल्या डब्यात आहेत ते सांगितलं, तेलाची बाटली उन्हात ठेवू नको म्हणाल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. नंतर फोनवर कधी मीराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. दोन वर्षांनी मला मुलगा झाला. गुडघ्यांमुळे त्यांना येणं जमलं नाही. माझं सगळं रीतसर चाललं होतं, हसणं, भांडणं, स्वयंपाक, पण आत कुठंतरी ते मशीन अजून फिरत होतं आणि मी त्याच्यासमोर बसलेली होते.

गेल्या थंडीत आत्याबाई झोपेतच गेल्या. तिकिटं मिळून आम्ही पोचेपर्यंत दहावा उजाडला होता. चौसाळ्याला उतरून जीपनं गावात आलो. दारात बायांची गर्दी होती. मी मुलाला कडेवर घेऊन उंबऱ्याशी उभी होते, तर आतून एका म्हातारीनं विचारलं, ही कोण गं. दुसरी म्हणाली, "मीराची माय."

रोजची हाक असावी तसं म्हणाली. मी त्या बाईला कधी पाहिलेलं नव्हतं. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, मावशी, तुम्हाला हे नाव कसं ठाऊक.

"घुगऱ्या खाल्ल्यात की आमी तिच्या," ती म्हणाली. "तुजी सासू दुबईहून आली अन् दुसऱ्याच दिशी नातीचं बारसं हाय म्हनून गावभर वाटल्या तिनं. कुनी काय म्हनलं तर ऐकून घेईना. तवापासून गावात तुला मीराची माय म्हनतेत."

मी तिथंच खाली बसले आणि रडले. सासूच्या दहाव्याला आलेली मी, त्या दिवशी माझ्या मुलीसाठी रडले.